गवताचे कुसळ

पावसाळा सरल्यावर भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून हिंडून आल्यास कपड्यांत रुतलेली कुसळे काढीत बसावे लागते. धनगरास तर ती मेंढ्यांच्या लोकरीतून वेचावी लागतात. अशा त्रासदायक वस्तूपासून शिकण्यासारखे काय असणार, असे कोणासही वाटेल.

पण कुसळी गवताचे एक वाळलेले कुसळ तळहातावर घेऊन पाहा. एका टोकास अणकुचीदार बीज असते. त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. मागे दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी असते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. हळूहळू पीळ उलगडतो व शेपटी गरगर फिरू लागते. ती वाळली, की पीळ पुन्हा बसतो.

हे कसे घडते? पावसाळ्यात घरांची लाकडी दारे फुगून चौकटीत अडकतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. ओलाव्याने फळी रुंदीस फुगते. लांबीस मात्र फारशी वाढत नाही. शेपटीतील तंतूंचेही तसेच आहे. पण ते सरळ नसून मळसूत्रासारखे तिरपे गुंडाळलेले असतात. म्हणून ते फुगले, की शेपटी फिरते. रात्री दव पडते, दिवसा ऊन तापते, आणि फिरता फिरता बीज गिरमिटासारखे मातीत शिरते. मागे वळलेले केस त्यास बाहेर येऊ देत नाहीत. पुढे उन्हाळ्यात वणवा पेटून वरचे गवत जळाले, तरी मातीखालचे बीज वाचते.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात रानटी ओटच्या कुसळाचे एक उपकरण वर्णिले आहे. कुसळास काटा जोडलेला असे; हवेतील ओलावा बदलला, की तो तबकडीवर फिरे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांपुढील प्रश्न निराळा होता. विमानातून उजाड भूमीवर टाकलेले बी उघड्यावर पडते. ते वाळते, पाखरे टिपतात, वा पावसात वाहून जाते. त्यांनी अशाच पिळलेल्या शेपटीच्या एरोडियम नावाच्या वनस्पतीचे बीज अभ्यासिले. त्यास शेपटी एकच. जवळ भेग नसेल, तर ते आडवेच लोळत राहते. म्हणून त्यांनी ओकच्या पातळ लाकडाचा, तीन शेपट्यांचा बीजवाहक बनविला. तीन शेपट्या भूमीवर टेकून बीजास उभे धरतात. २०२३ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: दोनदा भिजून वाळल्यावर सपाट भूमीत शंभरांपैकी ८० वाहक रुतले.

त्यासाठी लाकूड रसायनात धुऊन, मऊ करून, पिळून साच्यात बसवावे लागते. कुसळी गवत हेच काम भोर-वेल्ह्याच्या उतारांवर दर हिवाळ्यात फुकट करीत असते.