गणिती पाहुणा शाळेत येतो तेव्हा

दहावीतील एखादे हुशार मूल ‘गणित आपल्यासाठी नाही’ असे म्हणते, तेव्हा ते केवळ एका विषयाबद्दल बोलत नसते. अभियांत्रिकी, संगणक, संख्याशास्त्र अशा कित्येक वाटा ते त्याच क्षणी स्वतःसाठी बंद करून घेत असते. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरी शिक्षणाची ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. या मुलांनी डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी पाहिलेले असतात. गणितात रमणारा माणूस मात्र पाहिलेला नसतो. तो दाखवावा, एवढ्यासाठीच गणिती पाहुण्याला शाळेत बोलवावे, असे आम्हांस वाटते.

असा पाहुणा महाराष्ट्राने पाहिलेला आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शिक्षण ठाण्यास आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीस शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. प्रारंभी आपल्याकडील गणितज्ञांनी त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली नाही. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विज्ञान मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाला त्यांची ओळख झाली. संख्यांच्या गमती सांगण्यासाठी त्यांना शाळाशाळांतून बोलावणे येत असे. जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली, या स्थानकात त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली. म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ या त्यांतीलच होत. आमच्या भिवपुरी रोड स्थानकावरून मुंबईकडे जाणारी लोकल आजही त्याच डोंबिवलीवरून जाते, हे मुलांना सांगितले की गणित एकदम जवळचे वाटू लागते.

कापरेकरांचा १९४९ चा शोध तर पाचवीचे मूलही पडताळून पाहू शकते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान संख्या करावी. मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. आपल्या समाजाच्या स्मरणात कोरलेले १९५६ हे वर्षच घेऊ:

९६५१ – १५६९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर तीच कृती केली, तर ७६४१ – १४६७ = ६१७४. संख्या तेथेच थांबते. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. तीन अंकी संख्यांत हेच स्थान ४९५ ला आहे.

येथे मुले टाळ्या वाजवतात. पण खरा पाठ टाळ्यांनंतर सुरू होतो. प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातील अंकांची बेरीज करून पाहावी. ती नेहमी ९ च्या पटीत येते. असे का? अंकांची अदलाबदल केली तरी त्यांची बेरीज बदलत नाही. म्हणून दोन्ही संख्यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते, आणि वजाबाकीत ती नाहीशी होते. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालामसुत्ताची शिकवण आमच्या मुलांना ठाऊक आहे. गणिताच्या सिद्धतेत तीच त्यांच्या हाती येते. तेथे पाहुणा आणि सहावीतील मूल यांना एकच नियम लागू असतो.

पाहुणे बोलावण्यात आमच्याही चुका झाल्या. पूर्वी आम्ही शाल, श्रीफळ, परिचय आणि तासभराचे भाषण असा कार्यक्रम करीत असू. मुले शिस्तीत बसत, पण दुसऱ्या दिवशी काहीच उरत नसे. त्यातून आम्ही तीन गोष्टी शिकलो. पाहुण्याच्या येण्याआधी वर्गात एक कोडे देऊन ठेवावे, म्हणजे मुलांपाशी विचारण्यासारखे काही असते. पाहुण्याने भाषण थोडे करावे, फळ्यापाशी मुलांसह अधिक वेळ थांबावे, आणि आपण कोठे अडलो, किती वेळा चुकलो, तेही मोकळेपणाने सांगावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जाताना त्याने एक प्रश्न मागे ठेवून जावे.

निवासी शाळेचे बळ येथेच आहे. पाहुणा लोकलने परत गेला तरी मुले इथेच असतात. रात्रीच्या अभ्यासिकेत एक मुलगी विचारते, “सर, दोन अंकी संख्यांचे काय होते?” मग सगळेच वह्या उघडतात. ९० वजा ०९ म्हणजे ८१. पुढे ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. संख्या थांबतच नाही, गोल फिरत राहते! हे पाहुण्याने सांगितलेले नसते. मुलांनी शोधलेले असते. असा शोध पत्राने पाहुण्यास कळवावा. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवावयास सांगत आणि उत्तरासह स्वाक्षरी धाडीत. एका भेटीचे नाते त्यातून टिकत असे.

पाहुणा नामवंतच हवा असे नाही. कापरेकरही शाळामास्तरच होते. आमचे माजी विद्यार्थी आज महाविद्यालयांत शिकवितात, बँकांत आणि संगणक कंपन्यांत काम करतात. त्यांना आमची विनंती आहे, की वर्षातून एक शनिवार भिवपुरीसाठी राखावा. येताना हार-तुरे नकोत. एक चांगला प्रश्न आणावा. पालकांनीही सुटीत घरी आलेल्या मुलास गुण विचारण्याआधी ६१७४ ची गोष्ट विचारावी. ज्या बाकावर बसून आपण कधीकाळी गणिताला भ्यालो, त्याच बाकावरील मुलाला ‘हे तुझेही आहे’ असे सांगणारा माणूस त्याच्याच शाळेतून आलेला असेल, तर ते मूल ते शब्द सहजी विसरणार नाही.