जंतूंची वंशावळ

वसतिगृहात एका मुलास ताप आला की पाठोपाठ आणखी दोघे-तिघे अंथरूण धरतात, हे निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. सर्वांना एकाच जंतूने गाठले, की प्रत्येकाचे दुखणे निराळे? पूर्वी याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाई. आता जंतूचा संपूर्ण जनुकीय क्रम वाचून ते देता येते. क्लेबसिएला या जीवाणूचा क्रम पन्नास लाखांहून अधिक अक्षरांचा असतो. दोन रुग्णांच्या जंतूंत मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला तर त्यांचे मूळ जवळचे. हजारोंचा निघाला तर दूरचे. ही एक प्रकारची वंशावळच होय.

तिची निकड आपल्या राज्यात मुंबईने दाखवून दिली. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेस आतड्यातील जीवाणूंच्या कुळातले, कार्बापेनेम औषधांना न जुमानणारे २४ नमुने मिळाले. ही औषधे बाकीची हरल्यावर वापरायची. त्या २४ पैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे जनुक होते. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात ते प्रथम सापडले, म्हणून नावात 'न्यू दिल्ली' आले आणि देशात मोठा वाद झाला. त्या वादात मूळ मुद्दा मागे पडला, असे आम्हांस वाटते. हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यावर बसून एका जातीच्या जीवाणूतून दुसऱ्या जातीत जाते. म्हणजे जंतूचा माग पुरेसा नाही. जनुकाचाही काढावा लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीच्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत ते आढळले.

हा धोका दवाखान्यापुरता नाही. कुक्कुटपालनात कोलिस्टिन वापरण्यास केंद्राने २०१९ मध्ये मनाई केली. डाळिंबावरील तेल्यासाठी स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी आपल्या भागातील बागायतदारांना अपरिचित नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे देखरेखीचे जाळे २०१३ पासून काम करते. परंतु त्यात प्रामुख्याने मोठी रुग्णालये आहेत. कवठे महांकाळचा रुग्ण मिरजेस किंवा सांगलीस पोहोचतो तोवर पुष्कळदा दुकानातून आणलेल्या दोन-तीन प्रकारच्या गोळ्या पोटात गेलेल्या असतात. मग रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढतच नाही, आणि जंतू नाही तर क्रम कशाचा वाचणार? यंत्रे कितीही महागडी आणली तरी ही अडचण सुटत नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. ताप गंभीर वाटून डॉक्टरांनी कल्चर सांगितले, तर पहिल्या मात्रेपूर्वी रक्त देऊ द्यावे. अहवालास दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अनुभवाने औषध सुरू करतात, ते योग्यच आहे. पुढे अहवाल पाहून त्यांनी औषध बदलले तर रागावू नये. तो कागद जपून ठेवावा, आणि सुट्टीनंतर मुलास वसतिगृहात सोडताना सोबत आणावा.