अंगणातील फरशी आणि प्रसरणाची फट

विज्ञानाच्या तासाला गोळा व कडी यांचा प्रयोग आपण सर्वांनी पाहिला आहे. थंड असताना कडीतून आरपार जाणारा धातूचा गोळा तापवला की कडीवरच अडकून बसतो. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे वाक्य तर सर्वांना पाठच आहे. पण दगडही प्रसरण पावतो असे म्हटले, की पुष्कळ जण हसतात. दगड तो दगड, तो कसला वाढतोय!

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या ध्वजस्तंभापुढच्या अंगणात शहाबादी फरशी बसवायची आहे. पालक श्रमदान करणार आहेत. म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला.

शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला हे नाव पडले. असा १ मीटर लांबीचा दगड १ अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ०.००८ मिलिमीटर वाढतो. ही वाढ डोळ्यांना दिसायची नाही. पण आपले अंगण १० मीटर लांब आहे. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत फरशीच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरू. मग ०.००८ × १० × ४० = ३.२ मिलिमीटर.

एवढेच ना, असे वाटेल. मलाही वाटले. तेव्हा गुरुजींनी एक प्रयोग करायला सांगितला. तो तुम्हीही करून पाहा. ३० सेंटिमीटरच्या दोन फूटपट्ट्या टोकाला टोक लावून जमिनीवर ठेवा. एक बाजू भिंतीला टेकवा, दुसऱ्या बाजूला जड पाटी धरा. मधला सांधा बोटाने किंचित वर उचला आणि पाटी फक्त २ मिलिमीटर आत सरकवा. सांधा सुमारे अडीच सेंटिमीटर वर येतो! फरशीचेही तसेच. दोन्ही बाजूंना भिंत किंवा ओटा असला, की वाढलेल्या दगडाला पुढे सरकायला जागा नसते. मग तो सोपी वाट धरतो, म्हणजे वर उठतो. गुरुजींनी पुढच्या वर्गातले गणित करून दाखवले. ३.२ मिलिमीटरची सगळी वाढ दोन फूटभर रुंदीच्या दोनच फरश्यांवर आली, तर त्यांचा सांधा चार सेंटिमीटरहून जास्त उचलला जातो. पहिलीची मुले त्या अंगणात अनवाणी पळणार आहेत. ठेच लागायला एवढे पुष्कळ झाले.

कोणी म्हणेल, दोन फरश्यांमध्ये दरज असतेच की. असते, पण ती सिमेंटने भरली की दगडासारखीच कडक होते, दबत नाही. फरशी नुसत्या वाळूवर बसवून दरजाही वाळूनेच भरल्या, तर थोडी हालचाल त्यांत मावते. सिमेंटच्या मालात बसवायची असेल, तर वेगळी फट सोडावीच लागते.

आपल्या अंगणात व्हरांड्याच्या भिंतीलगत आणि ध्वजस्तंभाच्या ओट्याभोवती सुमारे १० मिलिमीटरची फट हवी. शिवाय अंगणाच्या मधोमध एक उभी व एक आडवी, म्हणजे सलग भाग ५ मीटरपेक्षा मोठा राहणार नाही. फट वरवरची कामाची नाही. ती खालच्या मालातून आणि कोब्यातूनही सरळ खाली गेली पाहिजे. तिच्यात दबणारी वस्तू भरावी, जसे थर्माकोलची पट्टी, आणि वरून डांबर-वाळू. डांबर फरशीच्या पातळीपेक्षा थोडे खाली ठेवावे, नाहीतर उन्हाळ्यात पायाला चिकटते.

काम थंडीत होणार आहे, हेही लक्षात घ्यावे. मे महिन्यात दुपारी बसवलेली फरशी आधीच वाढलेली असते. थंडीत बसवलेलीची सगळी वाढ अजून व्हायची असते.

लोकांना फट दिसली की गवंड्याला नावे ठेवायची सवय आहे. मग तोही बिचारा सगळे सिमेंटने लिंपून टाकतो. पालकांना विनंती, की आपल्या अंगणातली फट कोणी बुजवू नये. माती आणि खडे तिच्यात जाऊन बसतात, ते दर शनिवारी काडीने काढायचे काम सातवीच्या वर्गाने घेतले आहे.

— इयत्ता ७ वी