टायरच्या कडेवर लिहिलेलं

साताऱ्यात सायकल घेतली की चढ चुकत नाही. राजवाड्यावरून पश्चिमेला निघालं की यवतेश्वरचा घाट, तो संपला की कासचं पठार. दक्षिणेला वळलं तर अजिंक्यतारा. गेल्या नऊ वर्षांत मी तीन सायकली घेतल्या. पहिली विकली, दुसरी भाच्याला दिली, तिसरी चालवतो. टायर किती बदलले ते बायकोसमोर मोजत नाही. त्यातून जे हाती लागलं ते खाली लिहितोय. चुका ज्या ओळीनं झाल्या, त्याच ओळीनं.

१. दुकानात जाण्याआधी आठ दिवस रस्ता बघा.

पहिली सायकल मी रूपावर भाळून घेतली. पुढं स्प्रिंग, मागं स्प्रिंग, २६ इंची चाकं, त्यावर २.३५ इंच रुंदीचे, दाण्यादाण्यांचे जाडजूड टायर. मोटारसायकलीची धाकटी बहीणच. घरी आणून वजनकाट्यावर ठेवली तर १९ किलो. पहिल्याच रविवारी यवतेश्वरचा अर्धा घाट तिला हाताला धरून चढवली. डांबरावर त्या टायरचा असा घूंऽऽ आवाज यायचा की पुढं चालणारे लोक ट्रक आला म्हणून बाजूला व्हायचे.

नंतर कधीतरी आठवडाभर मी नुसतं लिहून ठेवलं, आज कुठं गेलो आणि खाली काय होतं. बहुतेक सगळं डांबर, त्यातलं निम्मं उखडलेलं. कच्ची वाट फक्त रविवारची, तीही तासाभराची. म्हणजे तासाभराच्या वाटेसाठी मी आठवडाभर दाणे घासत होतो. ही वही आधी लिहिली असती तर एक सायकल वाचली असती.

२. अंगाचं माप आधी, बाकी सगळं नंतर.

माझी उंची पाच फूट सहा इंच. सायकल होती १९ इंची फ्रेमची. ‘हा एकच पीस राहिलाय, यावर सूट देतो’ हे वाक्य ऐकून घेतलेली. सहा महिने तळहाताला मुंग्या आणि मानेला कळ. माउंटन बाइकच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभं राहिलात, तर वरचा दांडा आणि तुम्ही यांच्यात निदान दोन-तीन इंच मोकळे हवेत. खडकाळ उतारावर अचानक पाय टेकावा लागतो, तेव्हा त्या मोकळ्या जागेची किंमत कळते. बसून हँडलला हात लावताना कोपर किंचित वाकलेलं हवं. टायर बदलता येतो, सीट वरखाली करता येते. फ्रेम मात्र ताणून मिळत नाही.

३. स्वस्त स्प्रिंगपेक्षा साधा चिमटा बरा.

हे मत दुकानदारांना आवडत नाही. कमी किमतीच्या सायकलीतला, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा साध्या चिमट्यापेक्षा किलो-दीड किलोनं जड असतो, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की सायकल उठाबशा काढते. तुमच्या पायातला जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. घ्यायचाच असेल तर लॉक करता येणारा घ्या, आणि ते लॉक दुकानातच दाबून बघा. माझ्या दुसऱ्या सायकलीचं लॉक पहिल्या पावसाळ्यात गंजून बसलं.

या सायकलींचा जन्मच मुळात स्प्रिंगशिवाय झाला. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. तिथली पोरं १९७०च्या दशकात जुन्या, बोजड, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. १९७६पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर मागच्या चाकाच्या आतला ब्रेक एवढा तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवीन भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराला आणि शर्यतीला ‘रीपॅक’ नाव पडलं. त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं १९७७मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली. धक्के झेलणारा रॉकशॉक्सचा चिमटा बाजारात यायला पुढं १९८९ उजाडलं. तोवर सगळे धक्के झेलत होता तो टायर.

हे वाचलं तेव्हा मी टायरकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तोपर्यंत गिअर मोजत होतो.

४. रुंदीनं सायकल जड होते हा अर्धाच खरा समज.

पहिल्या सायकलीला कंटाळून मी दुसऱ्या टोकाला गेलो. दुसरीला दीड इंची गुळगुळीत टायर चढवले, ६० पीएसआय हवा मारली. डांबरावर सायकल अक्षरशः पळायला लागली. पंधरा दिवस मी ज्याला त्याला सांगत सुटलो की बारीक टायर म्हणजे सायकल. मग कासच्या पुढं बामणोलीकडं उतरताना, पावसानं खाल्लेल्या एका वळणावर, खडीत शिरलो. मागचं चाक दगडावर आपटलं, ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली. उघडून पाहिलं तर शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. रिमला खळगा पडला तो वेगळाच. खाली कोयनेचं पाणी चमकत होतं आणि मी त्याच्याकडं पाठ करून ट्यूब घासत बसलो होतो.

यातलं गणित साधं आहे. मी ७२ किलो, सायकल १४. मागच्या चाकावर साधारण ५० किलो येतात. टायरमध्ये २८ पीएसआय हवा असेल तर ती चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलोनं दाबत असते. म्हणजे ५० किलो पेलायला टायरचा सुमारे २५ चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकायलाच हवा. टायर रुंद असो की अरुंद, हवेचा दाब तोच ठेवला तर हा भाग जवळपास तेवढाच राहतो. बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट पडतो, रुंदाचा आखूड आणि पसरट. लांबट ठशात टायर जास्त दबतो आणि त्या दबण्या-उलगडण्यातच ताकद जाते. म्हणून त्याच हवेवर रुंद टायर उलट हलका पळतो. अरुंद टायरला ते टाळायला भरपूर हवा लागते, आणि भरपूर हवा भरली की प्रत्येक खड्याचा हिशेब कमरेला द्यावा लागतो.

मग माझी पहिली सायकल जड का जात होती? एक तर १९ किलो, आणि दुसरं म्हणजे ते दाणे. डांबरावर प्रत्येक दाणा वाकतो, सुटतो, आवाज करतो. रुंदी आणि दाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला मला दोन सायकली लागल्या. आज माझ्या २९ इंची चाकांवर २.१ रुंदीचे टायर आहेत. मधल्या पट्ट्यात दाणे बारीक आणि दाट, कडेला थोडे मोठे. सरळ डांबरावर मधला पट्टा चालतो, कच्च्या वळणावर कडेचे दाणे माती धरतात. मिळालं तर पुढचा टायर मागच्यापेक्षा किंचित रुंद ठेवा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली.

दोन ठिकाणी मात्र रुंदी कामाची नाही. एक, काळी माती. पाऊस पडून गेल्यावर शेताच्या बांधावरून सायकल घातलीत तर चिखल टायरला लपेटतो आणि चिमट्यात गच्च बसतो. टायर जेवढा रुंद, तेवढी फट कमी. मी एकदा चाक फिरेना म्हणून बाभळीच्या काटकीनं अर्धा तास चिखल कोरलाय. दुसरं, जांभा. पठाराकडचा तो लाल दगड पावसाळ्यात शेवाळून असा होतो की त्यावर कुठलाच दाणा टिकत नाही. तिथं मी उतरतो. (आणि पठारावर फुलं असोत-नसोत, सायकल डांबरावरच ठेवतो. रुंद टायरानं गवत कमी चिरडतं असं म्हणणारे भेटलेत मला.)

५. ‘२६ इंच’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

एकदा गावातल्या जुन्या दुकानातून २६ इंची टायर आणला. रिमवर ढिला बसला, हवा भरताच एका बाजूनं बाहेर आला. तो २६ × १ ३/८ होता, आपल्या साध्या सायकलींचा. त्याच्या रिमचं माप ५९० मिलीमीटर. माउंटन बाइकच्या २६ इंचाचं ५५९. नाव एक, माप दोन. खरं माप टायरच्या कडेला बारीक अक्षरांत असतं: ५४-६२२ असं काहीतरी. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या घेराचा व्यास, दोन्ही मिलीमीटरमध्ये. २७.५ इंची म्हणजे ५८४. २९ इंची म्हणजे ६२२, आणि गंमत अशी की शर्यतीच्या सायकलीचं ७००सी हेही ६२२च. दुकानात गेलात की इंच सोडा, हा दुसरा आकडा सांगा.

६. हवा.

टायर बदलण्यावर मी जेवढे पैसे घालवले, त्याच्या दहाव्या हिश्शात दाबाचा काटा असलेला पंप आला असता. कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी भरा असं ते सांगत नाहीत. मी पुढं २६, मागं ३० ठेवतो, नुसतं डांबर असेल तर पाच-सहा वाढवतो. गोडोलीतला पंक्चरवाला टायर अंगठ्यानं दाबून दरवेळी हळहळतो, ‘‘आवं साहेब, एवढी कमी? रिम लागंल की!’’ त्याचा अंगठा २८ इंची काळ्या सायकलींवर घडलेला. त्याला दोष देत नाही, पण पंप माझाच वापरतो.

७. काट्याला रुंदी कळत नाही.

सासुरवाडी दहिवडीची. पुसेगाव ओलांडलं की हवा कोरडी होते आणि दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ सुरू होते. एका फेरीत चार पंक्चर झाली; शेवटचे काही किलोमीटर मेहुण्याच्या टेम्पोतून. दार उघडताच सासूबाई म्हणाल्या, ‘‘सायकल आणलीत का सायकलनं तुम्हाला आणलं, जावईबापू?’’ तेव्हापासून ट्यूबमध्ये सीलंट घालतो. बारीक काटा निघाला की भोक आपोआप बुजतं. सापाच्या दाताची भोकं त्यानं बुजत नाहीत, त्याला हवाच नीट लागते.

८. सध्या मागचा टायर मधोमध घासून गुळगुळीत झालाय. पावसाळ्याआधी बदलायचा आहे. मनात २.२५ आहे. काल पट्टी घेऊन फ्रेममधली जागा मोजली, २.२५ बसवला तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलीमीटर उरतात. बायको चहा घेऊन आली, उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘‘आधीचा किती होता?’’ मी म्हटलं, २.१. तिनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मधली फट बघितली आणि काही न बोलता आत गेली.