फॅमिली ग्रुप कॉन्फरन्सला जायचं, तर खर्च किती?

न्यूझीलंडमध्ये तुमच्या दुकानाची काच फुटली किंवा गाडी पळवली गेली आणि पकडलेला मुलगा १४ ते १७ वर्षांचा निघाला, तर यूथ जस्टिस कोऑर्डिनेटरचा फोन येऊ शकतो. १९८९च्या ओरांगा तामारिकी कायद्यानुसार मुलगा, त्याचे घरचे, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे एकत्र बसतात; हीच फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स. ऑकलंडला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिली धास्ती वाटते ती वकिलाच्या फीची.

फी शून्य. वकीलही लावावा लागत नाही. आधाराला घरचं माणूस किंवा मित्र सोबत नेता येतो. तारीख, वेळ, जागा ठरवताना तुम्हाला विचारणं हे कोऑर्डिनेटरचं कामच आहे, तेव्हा गल्ला बुडवून जाऊ नका, सोयीची वेळ मागा. प्रवासखर्चाचं आणि दुभाष्याचं त्याच फोनवर बोलून घ्या.

खरा खर्च वेळेचा. पोलीस घटना वाचून दाखवतात आणि मुलाने गुन्हा कबूल केला तरच गाडी पुढे सरकते. मग तुम्ही बोलायचं. काचेची किंमत सांगाच, पण दुकानात एकटं बसायची भीती वाटते, हेही त्याच्या आईवडिलांसमोर सांगा. कागदावर ते पोचत नाही, म्हणून शक्य असेल तर स्वतः जावं, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर घरच्यांना आपसांत बोलायला खोली मोकळी करून देतात. तुम्ही बाहेर थांबायचं. याला किती वेळ लागेल सांगता येत नाही. पार्किंगचे पैसे जास्तीचे भरून ठेवा.

भरपाईसाठी काचवाल्याचं बिल आणि विम्याच्या एक्सेसची पावती, म्हणजे दाव्यातला तुमच्या खिशातून गेलेला हिस्सा, सोबत हवी. शाळकरी पोराकडून पैसे आले तरी थोडे थोडेच येतात, त्यामुळे त्या भरवशावर उधारी करू नका. पैशांऐवजी काम किंवा माफीपत्र सुचवलं आणि ते पटलं नाही, तर तिथेच सांगा. एकमत झालं नाही, तर प्रकरण पोलिसांकडे किंवा यूथ कोर्टाकडे परत जातं.

जाण्याची सक्ती नाही. प्रतिनिधी पाठवता येतो, म्हणणं लेखीही देता येतं. निर्णय घेण्याआधी पीडितांना आधार देणाऱ्या व्हिक्टिम सपोर्टला ०८०० ८४२ ८४६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही उचलतात.