चंद्राच्या वेळापत्रकाने उघडणारे उद्यान

राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य येते. पण गुजरातमध्ये कच्छच्या आखातात, जामनगरच्या किनाऱ्याला, बहुतेक वेळ पाण्याखाली असणारे एक उद्यान आहे. १९८२ मध्ये घोषित झालेले हे भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. त्यातील नरारा येथे ओहोटीच्या वेळी प्रवाळांचे खडक उघडे पडतात आणि पोहता न येणाऱ्यालाही समुद्राच्या तळावरून चालता येते!

मात्र तेथे केव्हा जायचे, हे सुटी पाहून ठरवू नका. आधी पंचांग उघडा.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. सूर्य व चंद्र यांच्या आकर्षणाचा परिणाम एकत्र होऊन समुद्राला उधाण येते. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास मात्र पाणी थोडेच हटते. कोकणात याला 'भांग' म्हणतात.

आता गणित करू. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. समजा, पौर्णिमेला ओहोटी सकाळी ७ वाजता आहे. दुसऱ्या दिवशी ती ७.५० ला येईल. सात दिवसांनी? ७ × ५० = ३५० मिनिटे, म्हणजे दुपारी १२.५० ला, आणि तोही भांग! त्या दिवशी गेलात, तर प्रवाळांऐवजी नुसते पाणी पाहून परतावे लागेल.

नेमकी वेळ वनखात्याकडे विचारा. परवानगी व वाटाड्याही तेथूनच घ्या. जाड तळाचे बूट घाला. ओसरत्या पाण्यामागून आत शिरा आणि पाणी वळताच परत फिरा. भरती सुरुवातीला हळू चढते, पण तिसऱ्या-चौथ्या तासात वेगाने येते. तळ सपाट असल्याने थोडे चढलेले पाणीही दूरवर पसरते व परतीची वाट बुडवते.

डबक्यांत खेकडे, तारामासे, समुद्रकाकडी, नशीब असेल तर अष्टपादही दिसेल. पाय मात्र वाळूवरच ठेवा. प्रवाळ हा दगड नव्हे. तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत आहे. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. एका चुकीच्या पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते.

करून पाहा : येत्या अमावास्येला ओहोटी सकाळी ६.३० ला आहे असे माना. पाचव्या दिवशी ती केव्हा येईल?