सस्तन प्राण्यांच्या जनुकभेदांची दप्तरे

प्रश्न : निरनिराळ्या सस्तन प्राण्यांतील जनुकीय भेदांची खुली माहिती कोठे मिळेल?

उत्तर : आपणांस एकाच जातीतील भेद हवेत की जातीजातींमधील, हे आधी ठरवावे, कारण दोहोंची दप्तरे निराळी आहेत. गाय, मेंढी, कुत्रा यांच्या अंतर्गत भेदांच्या नोंदी पूर्वी अमेरिकेच्या ‘डीबीएसएनपी’ संग्रहात दाखल होत. परंतु २०१७ मध्ये त्या संग्रहाने मनुष्येतर प्राण्यांच्या नव्या नोंदी स्वीकारणे थांबविल्यावर तो कारभार इंग्लंडातील हिंक्स्टन येथील ‘युरोपियन व्हेरिएशन आर्काइव्ह’कडे गेला, आणि तेथे गुणसूत्र, त्यावरील स्थान, संदर्भसंचातील अक्षर व त्याऐवजी आढळलेले अक्षर, एवढा मजकूर कोणासही विनामूल्य पाहता येतो. मात्र संदर्भसंचाची आवृत्ती बदलली की स्थानांकही बदलतो. यास्तव आवृत्तीची नोंद केल्यावाचून एकही स्थानांक उतरवून घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जातीजातींच्या तुलनेसाठी ‘झूनोमिया’ प्रकल्पाने २४० जातींचे जनुकसंच परस्परांशी जुळवून खुले केले आहेत. १९२५ साली अलास्कातील नोम गावी घटसर्पावरील औषध पोचविणाऱ्या बाल्टो या कुत्र्याच्या, वस्तुसंग्रहालयात जतन झालेल्या कातड्यातून वाचलेल्या जनुकसंचाचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच जुळणीच्या आधाराने झाला. तथापि या जुळणीत बहुतेक जातींचा एकेकच प्राणी असल्याने, तीवरून एखाद्या कळपातील विविधतेचे अनुमान काढू नये.